विवराचे वाचन : लोणार, गिल्बर्ट आणि चंद्राची पाठ

चंद्राला पाठ आहे, ही गोष्ट आपल्या साहित्याला फार उशिरा कळली. चंद्र स्वतःभोवती एक फेरी घेतो तेवढ्याच काळात तो पृथ्वीभोवतीही एक फेरी पूर्ण करतो. त्यामुळे त्याची एकच बाजू आपल्याकडे राहते. कालिदासाने पाहिलेला चंद्र, लेण्यांत बसलेल्या भिक्षूंनी पाहिलेला चंद्र आणि आज नागपूरच्या दक्षिणेस बेसा येथील गच्चीवरून मला दिसणारा चंद्र (उंच इमारतींच्या फटीतून का होईना) हा एकच अर्धा चंद्र आहे. दुसरा अर्धा भाग मानवी डोळ्यांसमोर प्रथम आला तो ७ ऑक्टोबर १९५९ रोजी, सोव्हिएत रशियाच्या ल्यूना ३ या यानाने घेतलेल्या धूसर छायाचित्रांतून. ज्या चंद्रावर इतकी कविता झाली त्याच्या पाठीवर तोवर एक ओळही लिहिली गेलेली नव्हती, आणि लिहिली असती तरी ती निव्वळ कल्पनाच ठरली असती.

त्या पाठीवर नावे मात्र झपाट्याने आली. १९७० साली आंतरराष्ट्रीय खगोल संघाने तेथील विवरांना जी नावे दिली त्यांत काही आपल्या ओळखीची आहेत. दक्षिण गोलार्धात एक विवर भाभांच्या नावाचे आहे, त्याच्या शेजारी जगदीशचंद्र बोसांच्या नावाचे. ही दोन्ही विवरे ज्या एका प्रचंड खोलगट भागात पडली आहेत तोही मुळात एक विवरच आहे, हे मात्र नावे ठेवणाऱ्यांना त्या वेळी पुरते ठाऊक नव्हते. या खोलगट भागास आज दक्षिण ध्रुव-एटकेन द्रोणी म्हणतात. तिचा व्यास सुमारे अडीच हजार किलोमीटर आहे, म्हणजे कन्याकुमारीपासून निघून हिमालयात शिरावे एवढा. इतके मोठे विवर नजरेतून सुटले कसे? उत्तर सोपे आहे. ते फार जुने आहे आणि फार झिजलेले आहे. त्याच्या काठावर व तळावर नंतरच्या आघातांनी शेकडो विवरे पाडली, त्यांतून उडालेला राडारोडा जुन्या काठावर बसला, आणि मूळ वर्तुळ छायाचित्रात दिसेनासे झाले. त्याचा संशय १९६० च्या दशकापासून होता, पण खात्री पटली ती १९९४ मध्ये क्लेमेंटाइन यानाने लेझरच्या साहाय्याने चंद्राचे उंचसखलपण मोजले तेव्हा. डोळ्यांना जे दिसले नाही ते आकड्यांत दिसले. जून २०२४ मध्ये चीनच्या चांग-अ ६ या यानाने याच द्रोणीतून सुमारे १,९३५ ग्रॅम माती-दगड पृथ्वीवर आणले, आणि त्यांच्या अभ्यासातून या आघाताचे वय सुमारे ४२५ कोटी वर्षे निघाले.

साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे हे सारे मांडण्याचे कारण हे, की झिजलेल्या विवराचे वाचन हा मुळात पाठनिश्चितीसारखाच प्रकार आहे. एका हस्तलिखितावर पुढच्या शतकांतल्या लेखनिकांनी आपापली अक्षरे चढवली आहेत, कोठे कसर लागली आहे, कोठे पान गळाले आहे, आणि त्यातून मूळ पाठ शोधायचा आहे. अशा वाचनात चुका होतात, आणि त्या चुकांना स्वतःचा इतिहास असतो. चंद्राच्या पाठीबाबत तो इतिहास जेमतेम साठ-पासष्ट वर्षांचा आहे. पण याच जातीचे एक विवर आपल्या विदर्भात आहे आणि त्याच्या चुकीच्या वाचनांचा इतिहास दोनशे वर्षांचा आहे. मी अर्थातच बुलढाणा जिल्ह्यातील लोणारविषयी बोलतो आहे.

समृद्धी महामार्ग झाल्यापासून बेसा येथून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या आत मेहकर ओलांडून लोणारला पोहोचतो. गावातून चालत काठावर यावे तो जमीन एकदम संपते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, जवळजवळ बिनचूक गोल खड्डा, सभोवार झाडी, आणि तळाशी हिरवट, खारट, उग्र वासाचे पाणी. काठ आजूबाजूच्या पठारापेक्षा जेमतेम वीस-तीस मीटर उंच उरला आहे. तळ काठापासून सुमारे १३५ मीटर खाली आहे, आणि तळाच्या गाळाखाली आणखी सुमारे शंभर मीटर गाळच आहे. काठाच्या ईशान्येकडील भागातून धार नावाचा गोड्या पाण्याचा झरा वाहतो आणि त्याने काठाला खोल घळ पाडली आहे. चंद्रावरची झीज आघातांनी होते, तेथे पाऊस नाही. इथली झीज पावसाने, ओढ्यांनी आणि माणसांनी केली आहे.

या खड्ड्याला मराठी मुलूख शतकानुशतके ओळखतो, पण वेगळ्या प्रश्नाने. लीळाचरित्रात चक्रधरांच्या लोणार येथील वास्तव्याच्या लीळा आहेत. म्हणजे तेराव्या शतकात हे एक नांदते क्षेत्र होते. तेथे देवळे होती, तीर्थ होते, येणेजाणे होते. ज्या मंडळींनी गुरूच्या पायधुळीची जागा दिशांसह नोंदवून ठेवण्याइतकी काटेकोर दृष्टी बाळगली, त्या महानुभावांना हा खड्डा कसा झाला असा प्रश्न पडलेला दिसत नाही. यात त्यांचे काही उणे नाही. तीर्थ ‘असते’, ते ‘झाले कसे’ हे सांगायला माहात्म्य पुरेसे असते. आइने-अकबरीत वऱ्हाडच्या वर्णनात लोणार येते, तेही दोन अंगांनी. एक, ब्राह्मण या स्थानास विष्णुगया मानतात. दुसरे, येथील डोंगरात काच आणि साबण करण्यास लागणारे सारे साहित्य मिळते व त्यापासून महसूल येतो. अबुल फजलला खड्ड्याच्या उत्पत्तीपेक्षा उत्पन्नात रस होता, आणि मला त्याची ही नोंद फार प्रामाणिक वाटते. तळ्यातून निघणाऱ्या क्षारांना स्थानिक कामकऱ्यांनी दल्ला, पपडी, भुसकी अशी वेगवेगळी नावे दिली होती. एका खारट पाण्याच्या इतक्या प्रती करून त्यांना नावे देणे हेही एक वाचनच होते, आणि पुढे रसायनतज्ज्ञांनी केलेल्या पृथक्करणांना आधार मिळाला तो याच वर्गवारीचा.

माहात्म्याची कथा थोडक्यात अशी. लोणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली दडून बसला होता. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले, दैत्याच्या बहिणींकडून त्याचा ठावठिकाणा काढून घेतला, पायाच्या अंगठ्याने त्या बिळावरचे झाकण उडवले आणि त्याचा वध केला. उडालेले झाकण म्हणजे नैऋत्येस कित्येक कोस दूर असलेली एक टेकडी. तळ्याचे पाणी हे दैत्याचे रक्त. क्षार हे त्याचे मांस. गावातील दैत्यसूदनाचे कोरीव देऊळ या कथेचे दगडी रूप आहे.

आता येथे एक मोह उभा राहतो, आणि अलीकडे तो व्याख्यानांत, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत वारंवार दिसतो. वरून आलेला आघात, उडालेले झाकण, दूर जाऊन पडलेला दगड! मग ही कथा म्हणजे आपल्या पूर्वजांनी प्रत्यक्ष पाहिलेल्या अशनिपाताची स्मृतीच नव्हे काय? मला हे साफ अमान्य आहे. विवराच्या वयाविषयी जे अंदाज आहेत (त्यांच्यातील भांडण पुढे येईलच) त्यांतला लहानात लहान गंभीर अंदाजसुद्धा अनेक हजार वर्षे मागे जातो. एवढा काळ एक कथा तोंडातोंडी टिकली आणि मग नेमकी वैष्णव पेहरावात मध्ययुगात प्रकट झाली, असे मानायला श्रद्धा हवी, पुरावा नव्हे. कथाकाराने घटना पाहिली नाही. त्याने खड्डा पाहिला. उंचावलेला काठ, आतून बाहेर कललेले थर, मधोमध खारट पाणी हे सारे नीट निरखूनच ‘येथून काहीतरी उडाले आहे’ असे त्याने म्हटले असावे. त्याला साक्षीदार ठरवले की त्याच्या निरीक्षणाचे मोल उलट कमी होते. जे काम त्याने बुद्धीने केले ते आपण योगायोगाच्या खात्यावर टाकतो.

युरोपीय नोंदी सुरू होतात त्या १८२३ पासून, जेव्हा अलेक्झांडर नावाचा ब्रिटिश अधिकारी येथे आला. पुढे १८७९ मध्ये मेडलिकॉट व ब्लॅनफर्ड यांनी भारताच्या भूविज्ञानाचा जो मोठा ग्रंथ सिद्ध केला त्यात लोणारचा निर्णय दिला गेला. त्यांचा युक्तिवाद असा की पाण्याने होणाऱ्या कोणत्याही झिजेने असा खड्डा पडत नाही. तेव्हा ज्वालामुखीच्या स्फोटावाचून दुसरे कारण सांगता येत नाही. तर्क म्हणून यात दोष काढणे कठीण आहे. सारे दख्खनचे पठार लाव्हाच्या थरांचे. ज्वालामुखीच्या देशात खड्डा सापडला तर संशयित ज्वालामुखीच. (नागपूरकरांना हा लाव्हा पाहायला लोणारला जावे लागत नाही. सीताबर्डीच्या टेकडीवर तो दिसतो, आणि स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने रॉबर्ट हंटर यांच्यासह नागपूरच्या आसपासचे थर व जीवाश्म यांवर १८५५ मध्येच निबंध प्रसिद्ध केला होता.) पण या तर्कात एक पायरी गाळलेली होती. ज्ञात कारणांपैकी एक वगळले की दुसरे सिद्ध होते, हे तेव्हाच खरे असते जेव्हा कारणांची यादी पूर्ण असते. आकाश त्या यादीत नव्हते.

आकाश यादीत घालणारा माणूस लोणारला कधी आलाच नाही, आणि गंमत अशी की त्यानेही ते योग्य ठिकाणी घातले नाही. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील अग्रगण्य भूवैज्ञानिक. १८९१ मध्ये ॲरिझोनातील कून ब्यूट या गोल खड्ड्याभोवती अशनी लोहाचे तुकडे मिळाल्याचे त्याला समजले. एखादा लोहतारा येथे पुरला गेला असेल काय, हा प्रश्न घेऊन तो तेथे गेला. त्याने दोन कसोट्या लावल्या. पुरलेला तारा असेल तर काठावरच्या मातीचे घनफळ खड्ड्याच्या पोकळीपेक्षा जास्त भरेल, कारण पोकळीतली काही जागा ताऱ्याने व्यापलेली असणार. आणि लोहाचा एवढा गोळा खाली असेल तर चुंबकसूची हलेल. मोजमापात दोन्ही घनफळे सारखी भरली, आणि सूची हलली नाही. गिल्बर्टने आपली आवडती कल्पना सोडून दिली व वाफेच्या स्फोटाचा पक्ष घेतला.

याच काळात, १८९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, तो वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेतून अठरा रात्री चंद्र पाहत होता. सरकारी भूवैज्ञानिक रात्रभर चंद्राकडे टक लावून बसतो, यावरून अमेरिकी काँग्रेसमधल्या एका सभासदाने सर्वेक्षणाची टिंगल केल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. पण त्या अठरा रात्रींतून १८९३ मध्ये जो निबंध आला त्यात गिल्बर्टने चंद्रावरची विवरे ज्वालामुखीची नसून आघाताची आहेत असे प्रतिपादन केले. तो काळ पाहता हे धाडस होते. म्हणजे ज्या खड्ड्याला हात लावता येत नव्हता त्याचे वाचन त्याने बरोबर केले, आणि ज्याच्या काठावर तो उभा राहिला त्याचे चुकीचे.

१८९६ मध्ये त्याने कून ब्यूटवरचा निबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषय वरकरणी एक खड्डा, पण खरा विषय गृहीतके जन्मतात कशी हा आहे. त्याचे उत्तर होते साम्य. अज्ञात गोष्ट पाहिली की मन तिच्यासारखी ज्ञात गोष्ट शोधते आणि ज्ञाताचे कारण अज्ञाताला लावून पाहते. समीक्षेच्या वर्गात रूपकावर चर्चा करणाऱ्यांनी हा निबंध एकदा अवश्य वाचावा. आणि या निबंधात, ज्ञात गोष्टींच्या शोधात, गिल्बर्ट आपल्या लोणारपर्यंत येतो. दख्खनच्या लाव्हात असाच एक गोल खड्डा आहे, त्याला भारतातल्या जाणकारांनी स्फोटाचे फळ ठरवले आहे. कून ब्यूट त्याच्यासारखा दिसतो. लोणारच्या चुकीने ॲरिझोनाच्या चुकीला टेकू दिला.

साम्य त्याने अचूक ओळखले होते. फक्त ते कोणत्या दिशेला नेते हे त्याला उलटे दिसले. ॲरिझोनाच्या विवराचा निकाल विसाव्या शतकात फिरला. बॅरिंजर नावाच्या खाणमालकाने पुरलेल्या लोहाच्या आशेने तेथे वर्षानुवर्षे छिद्रे पाडली आणि लोहाचा गोळा काही मिळाला नाही. तो मिळणारच नव्हता. सेकंदाला दहा-पंधरा किलोमीटर वेगाने येणारा अशनी जमिनीत रुतत नाही. त्याच्या गतीची ऊर्जा क्षणात उष्णतेत बदलते, तो स्वतः बहुतांशी वितळतो वा वाफ होतो आणि खड्डा स्फोटासारखा पडतो. गिल्बर्टच्या दोन्ही कसोट्या ज्या तोफगोळ्याच्या चित्रावर बेतलेल्या होत्या ते चित्रच चुकीचे होते. १९६० मध्ये तेथे कोएसाइट हे प्रचंड दाबाखाली बनणारे खनिज सापडले आणि वाद संपला. त्याच वर्षी कॅनडातील बील्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी लोणारचे नाव संभाव्य अशनी विवरांत घेतले. १९६४ मध्ये लाफाँड व डिट्झ यांनी प्रश्नचिन्हासह लोणारवर लेख लिहिला. गिल्बर्टने दाखवलेले साम्य तेच राहिले. एक ज्ञात बदलला आणि दुसऱ्याचे भाग्य उलटले.

पण साम्य म्हणजे पुरावा नव्हे, आणि लोणारला ॲरिझोनाचा पुरावा लागू पडत नव्हता. कोएसाइट क्वार्ट्झपासून बनते. ॲरिझोनात वालुकाश्म आहे, त्यात क्वार्ट्झ मुबलक. आपल्या काळ्या पाषाणात ते जवळजवळ नाही. त्यात फेल्डस्पार आहे. आघाताच्या दाबाने फेल्डस्पार न वितळताच काचेसारखा होतो, स्फटिकाचा बाह्य आकार तसाच राहतो आणि आतली रचना मोडून पडते. या काचेला मास्केलिनाइट म्हणतात. १९७२ मध्ये व्ही. के. नायक यांनी लोणारच्या काचमय पदार्थांकडे पुरावा म्हणून लक्ष वेधले, आणि १९७३ मध्ये स्मिथसोनियन संस्थेचे फ्रेड्रिक्सन व भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील दुबे, बालसुंदरम् आदींनी तळ्यात घेतलेल्या छिद्रांतील खडकांवरून मास्केलिनाइटसह आघाताची सिद्धता मांडली. अपोलो मोहिमांनी आणलेले चंद्रशिलांचे तुकडे त्या वेळी प्रयोगशाळांत ताजे होते. त्यांच्याशी तुलना करायला पृथ्वीवर काळ्या पाषाणातले विवर हवे होते, आणि ते वऱ्हाडात होते.

येथे एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. मास्केलिनाइट प्रथम ओळखले गेले ते १८७२ मध्ये, नायकांच्या लेखाआधी बरोबर शंभर वर्षे, आणि तेही एका भारतीय दगडात. १८६५ साली बिहारमध्ये गयेजवळ शेरघाटी येथे पडलेल्या अशनीत. तो अशनी मंगळावरून आलेला होता हे पुढे उमगले. गयेच्या दगडातील काच शेवटी विष्णुगयेच्या उपयोगी पडली. याचा अर्थ काहीच नाही, पण पुराणकारास हा धागा मिळता तर त्याने सोडला नसता.

उत्पत्तीचा प्रश्न सुटला. काळाचा सुटला नाही. १९७३ पासून विवराचे वय पन्नास हजार वर्षांच्या आतबाहेर धरले जात होते. १९९७ मध्ये तापदीप्तीच्या पद्धतीने ते ५२,००० वर्षे, उणेअधिक ६,००० असे निघाले. पर्यटनाच्या पत्रकांत, शालेय पुस्तकांत हाच आकडा रुजला. मग २०११ मध्ये जूर्दां व सहकाऱ्यांनी वितळलेल्या खडकातील आर्गॉनच्या समस्थानिकांवरून वय मांडले ते ५,७०,००० वर्षे, उणेअधिक ४७,०००. दहापटींहून अधिक फरक! ज्ञानेश्वरी यादवकाळातली की मौर्यकाळातली असा वाद व्हावा, त्यातला हा प्रकार आहे. आर्गॉनचा पुरावा मला अधिक भक्कम वाटतो, कारण तो खुद्द आघाताने वितळलेल्या द्रव्यातून घेतलेला आहे. पण आकडा कोणताही घेतला तरी झिजेचे वाचन त्याबरोबर बदलते हे लक्षात घ्यावे. पन्नास हजार वर्षांत काठ एवढा खचला असेल तर वऱ्हाडचा पाऊस फार वेगाने काम करतो. पावणेसहा लाख वर्षांत खचला असेल तर हे विवर आश्चर्यकारक रीतीने टिकले आहे. एकच काठ. आपण त्याला घाईचा म्हणावे की सोशिक, हे बाहेरून आणलेल्या तारखेवर ठरते.

चंद्राच्या पाठीवर हीच अडचण आहे, फक्त मोठ्या मापात. तेथील बहुतेक विवरांची वये दगड हाती घेऊन ठरवलेली नाहीत. एका पृष्ठावर किती विवरे चढली हे मोजून काढलेली आहेत. जितके अधिक ओरखडे तितके जुने पान. शुक्रावर याच्या उलट. तेथील पृष्ठभाग मानाने तरुण, म्हणून विवरे थोडी आणि काठ धारदार. त्या विवरांना स्त्रियांची नावे देण्याचा प्रघात आहे आणि त्यांत एक जोशी आहे, म्हणजे आनंदीबाई. एक मेधावी आहे, म्हणजे पंडिता रमाबाई. आणि एक झिराड, म्हणजे मुंबईच्या डॉ. जेरुशा झिराड. आपल्या समाजाने ज्यांच्या चरित्रांवर इतके ओरखडे काढले त्या आनंदीबाई व रमाबाई यांची नावे न झिजणाऱ्या काठांना मिळावीत, यात नामकरण समितीचा काही हेतू नव्हता, हे मला ठाऊक आहे.

लोणारला मात्र झीज चालूच आहे. १९७९ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्यास राष्ट्रीय भूवारसा स्मारक ठरवले, २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ते रामसर पाणथळ यादीत आले. त्याच वर्षी जूनमध्ये तळ्याचे पाणी एकाएकी गुलाबी झाले आणि लोणासुराचे रक्त पुन्हा चर्चेत आले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले की पाणी आटून खारटपणा वाढला तेव्हा क्षारप्रिय आर्किया या सूक्ष्मजीवांची वाढ झाली आणि रंग त्यांचा. विवराच्या जतनाविषयीची जनहित याचिका २००९ पासून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे चालली. तिच्या निमित्ताने गावाचे सांडपाणी, तळाशी माजलेली वेडी बाभूळ, काठालगतची बांधकामे यांवर सुनावण्या झाल्या. विवरातून उडालेला राडारोडा काठाबाहेर सव्वा-दीड किलोमीटरपर्यंत पसरलेला आहे. त्यावर शेते आहेत, रस्ते आहेत, घरे आहेत. आघाताचा अर्धा मजकूर खड्ड्यात नसून या शेतांत आहे, आणि संरक्षणाची चर्चा मुख्यतः तळ्याभोवती होते. नांगराच्या फाळाला लागून वर येणारे काचेचे बारके काळे मणी शेतकऱ्यास खडे वाटतात, तो ते वेचून बांधावर टाकतो.

मागच्या खेपेला मी काठावरून उतरत असता एका बांधावर असा ढीग पाहिला. काळ्या पाषाणाचे गोटे, खापराचे तुकडे, एखाददुसरा कोरीव दगड, आणि त्यांत मिसळलेले काही चकचकीत कण. त्यांतले किती आघाताचे आणि किती कालपरवाच्या भट्टीचे, हे तेथे उभे राहून सांगता येत नव्हते. मी एकही उचलला नाही. संध्याकाळ होत आली होती, धारेवर बायका पाणी भरत होत्या, आणि पूर्वेकडच्या काठामागून चंद्र वर येत होता.